मी उपटलेली वांगी

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी खुरपं हातात धरलं असेल, कोण जाणे. मी खुरपंच आहे, आणि चांगलं जुनं आहे. माझी मूठ बाभळीची आणि पातं एका मोडक्या ट्रकच्या कमानपाट्याचं. खर्ड्याच्या बाजारात एका लोहाराने मला तापवलं, ऐरणीवर ठोकून वाकवलं, धार दिली, आणि त्याच दुपारी भागूबाईने मला विकत घेतलं. तेव्हा ती नवी नवरी होती. आज तिला नातवंड आहे. यावरून माझं वय काढा.

कष्टाच्या गोष्टी सांगायच्या तर माझ्याकडे पुष्कळ आहेत. कांदा खुरपला, ज्वारी खुरपली, दगडगोट्यांच्या रानात माझं पातं झिजून निम्मं झालं. पण आज मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते सांगायला मला लाज वाटते. वाटते म्हणूनच सांगतो.

भागूबाईचा नवरा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचा आणि तिला बरोबर जावं लागायचं. गाडीत बिऱ्हाड भरताना ती दोन वस्तू स्वतःजवळ ठेवायची. एक मी, आणि दुसरी राखेत चोळलेल्या बियांची चिंधी. ते बी तिच्या सासूने दिलेलं होतं. लहान, गोल, पांढऱ्या रेघांचं काटेरी वांगं. दर वर्षी कुठल्या तरी साखर कारखान्याच्या वाटेवर, उसाच्या पाचटाच्या कोपीमागे, म्हणजे तात्पुरत्या झोपडीमागे, ती माझ्याकडून हातभर जागा उकरून घ्यायची आणि चार रोपं लावायची. भांडी धुतलेलं पाणी त्यांना घालायची. बायका म्हणायच्या, "भागे, चार वांग्यांसाठी येवढा आटापिटा?" ती म्हणायची, "वांग्यासाठी न्हाई गं. बी जुनं झालं की मरतं. त्येला दर साली मातीत घालावं लागतं."

अशी अठरा वर्षं गेली. मग तिचा गुडघा धरला, नवरा वारला, आणि ती जामखेडला आली. खर्डा रोडला पत्र्याची खोली घेतली आणि घरकामं धरली. तिथेही तिच्याकडे बी मागायला बायका यायच्या. घेवडा, दुधी, दोडका, गावरान मेथी. "भागूबाईचं बी म्हणजे उगवणारच," असं गल्लीत बोललं जायचं. भांडी घासणाऱ्या बाईला तेवढाच एक मान होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने मिळवला होता.

ती ज्या घरी कामाला जायची, ते घर शरच्चंद्र सरांचं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. बी कसं रुजतं, बीजपत्र म्हणजे काय, मूळ खाली का जातं, हे त्यांनी खडूने फळ्यावर किती वेळा काढलं असेल याची गणती नाही. पण स्वतः एक मिरचीचं झाडसुद्धा कधी लावलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की घरामागच्या मोकळ्या जागेत भाजीपाला करायचा.

इंदूताई, म्हणजे त्यांची पत्नी, हसून म्हणाल्या, "आधी कुंडीत कोथिंबीर तरी उगवून दाखवा."

हे त्यांना लागलं. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितले, वहीत आराखडा काढला आणि बाहेरून एक ट्रॉलीभर माती आणवली. ती गावाबाहेरच्या उकिरड्यावरची होती, काळी आणि भुसभुशीत. भागूबाईने मूठभर उचलून हुंगली आणि नाक मुरडलं. "खत झ्याक हाय सर, पर हिच्यात गवताचं बी लई आसनार."

"निवडून काढू," सर म्हणाले.

संक्रांत झाल्यावर एके सकाळी ती मला घेऊन आली, आणि पदराच्या गाठीतून ती चिंधी सोडली. त्या वर्षी तिच्या खोलीपुढे पाण्याचे हाल होते. सरांकडे बोअर होता. "सर, हे सगळं तुमाला देते," ती म्हणाली. "मागं काय ठिवलं न्हाई. औंदा लावलं न्हाई तर बी मरंल. वांगी तुमी खावा. मला फकस्त मूठभर बी परत द्या."

सरांनी दोन्ही हात पुढे केले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो खोटा नव्हता, हे मी सांगू शकतो.

तिने माझ्याकडून वाफा करून घेतला, बोटाने ओळी ओढल्या, आणि सरांना स्वतःच्या हाताने बी टाकू दिलं. चौथ्या दिवशी तिला शेवगावला जावं लागलं, लेकीच्या, जयाच्या, बाळंतपणाला. जाताना मला तिथेच खिळ्याला अडकवलं आणि दोनदा बजावलं, "सर, मी येस्तवर खुरपू नका बरं का. वांग्याचं रोप ल्हानपनी किरटं आसतं, नवख्याला वळकू येत न्हाई. गवत वाढलं तर वाढू द्या. मी आले की बघते."

"बरं, बरं," सर म्हणाले.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. झारीने शिंपायच्या ऐवजी त्यांनी वाफ्यात पाइप सोडला आणि फोन घ्यायला आत गेले. परत आले तेव्हा ओळी पुसल्या गेल्या होत्या आणि बी वाहून एका कोपऱ्यात जमलं होतं, पण चिखलात ते त्यांना दिसलं नाही. नवशिक्याच्या हातून असं व्हायचंच. ओळी पुसल्याचं त्यांनी इंदूताईंना हसत हसत सांगितलंही.

दहा-बारा दिवसांनी वाफा हिरवा झाला. मधोमध जाड देठांची, रुंद पानांची दणकट रोपं वर आली. कोपऱ्यात मात्र बारीक, फिकट रोपांची दाटी झाली होती, बोटभरही उंच नाही. आणखी एक आठवडा सर रोज बघत होते. दणकट रोपं वाढत होती, किरटी तशीच होती. जयाचं सिझर झाल्याने भागूबाई महिनाभर तरी येणार नाही, असा निरोप आला होता.

किरटी ती गवतच, असं ठरवून एका संध्याकाळी सरांनी मला खिळ्यावरून काढलं.

मित्रांनो, वांग्याचं मूळ मी अठरा वर्षं ओळखत होतो. पहिल्याच रोपाला माझं पातं लागलं आणि मला कळलं. पण खुरपं थांबत नाही, हात नेईल तिकडे जातं. ही सबब मी स्वतःला बरेचदा दिली आहे आणि ती खरीही आहे, तरी तिने मला कधी बरं वाटलेलं नाही. सर उकिडवे बसून कोपरा साफ करत होते, चिमटीने रोपं बाजूला टाकत होते आणि हलक्या आवाजात गुणगुणत होते. अर्ध्या तासात मी सासूपासून सुनेकडे आलेलं सगळं वांगं उपटून काढलं. एकही रोप मागे राहिलं नाही. सरांनी ढीग उचलून भिंतीपलीकडे टाकला. इंदूताईंनी त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

पुढचे दिवस कौतुकाचे होते. सरांनी दणकट रोपं हात-हात अंतरावर लावली, आळी केली, फोटो काढले. निवृत्त शिक्षकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये ते फोटो जाऊ लागले. "माझी वांगी, दिवस चाळीसावा." कुणी शाबासकीचे अंगठे पाठवायचं, कुणी फुलं. त्यांचे जुने मुख्याध्यापक काकासाहेब लिहायचे, "भरीत कधी?" इंदूताई एकदा पान चुरगाळून म्हणाल्या, "अहो, वास कसला घाण येतोय हो याला." सर म्हणाले, "गावरान आहे ते."

मग कळ्या आल्या. वांग्याची कळी जांभळी, खाली मान घातलेली असते. या लांबलचक होत्या, पांढऱ्या, आभाळाकडे तोंड केलेल्या. सर त्या दिवशी बराच वेळ झाडापाशी उभे राहिले. आत जाऊन कपाटातून एक पुस्तक काढलं, बघितलं, परत ठेवलं. ग्रुपमध्ये त्या दिवशी फोटो गेला नाही. पण काकासाहेबांना रविवारी बोलावून ठेवलेलं होतं, आणि ते मोडायला सरांना काही कारण सुचलं नाही.

रविवारी सकाळी काकासाहेब आणखी दोघांना घेऊन आले. सगळे मागच्या दाराने बाहेर पडत होते, तेवढ्यात बोळातून भागूबाई आली. शेवगावच्या एसटीतून उतरून ती घरीसुद्धा गेली नव्हती. हातात पिशवी तशीच होती. "सर, मुलगी झाली जयाला," म्हणत ती पुढे आली आणि झाडांपुढे थांबली.

तिने वाकून पान बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून अगदी जवळ जाऊन बघितलं.

"सर," ती म्हणाली, "ह्यो तर धोत्रा हाय."

 मग काकासाहेब मोठ्याने हसले. "अरे वा, शरच्चंद्र! एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंस आणि धोतऱ्याला आळी करून पाणी घातलंस! आम्हाला भरीत खायला घातलं असतंस म्हणजे?"

सगळे हसले. सरांचे कान लाल झाले.

भागूबाई हसली नाही. तिने विचारलं, "तुमी खुरपलं हुतं का, सर?"

मी दाराशेजारी खिळ्याला होतो. माझ्या पात्यावर त्या संध्याकाळची माती तशीच वाळलेली होती. सरांनी मला धुतलं नव्हतं. कुणी मान वळवून बघितलं असतं तर दिसली असती.

"नाही," सर म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं ना. वाफ्याला मी हात लावला नाही. तुम्ही जे बी दिलंत, तेच उगवलंय."

भागूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. सरांवर तिचा विश्वास होता, म्हणून तिने संशय घेतला तो स्वतःवर. "मंग माझ्याच नजरंनं दगा दिला," ती हळू म्हणाली. "खोलीपुढं धोत्रा हुताच. चिंधीत मीच कायतरी भलतं बांधलं आसंल." आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "माफ करा सायेब. सरांची चूक न्हाई. म्या आंधळीनं इख दिलं त्यास्नी."

शेजारच्या आरतीने भिंतीवरून हे सगळं ऐकलं.

खोटं बोलायला सरांना एक क्षण लागला. ते मागे घ्यायला त्यांनी आठ दिवस घेतले, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. रोज भागूबाई कामाला यायची, न बोलता भांडी घासायची. रोज सर पेपर धरून बसायचे, ती जाईपर्यंत पान उलटायचं नाही. एकदा ते तिच्यामागे दारापर्यंत गेले, "भागूबाई" म्हणाले, आणि ती वळल्यावर म्हणाले, "उद्या जरा लवकर या." तिने मान हलवली.

आठव्या दिवशी इंदूताई आरतीकडून आल्या आणि सरांसमोर बसल्या.

"भागूबाई दारोदार फिरतेय," त्या म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना बी दिलं, त्यांच्याकडून परत घेतेय. आरतीचा घेवडा नेला, दुधी नेला. म्हणते, 'त्यात बी काय मिसळलं आसंल कुनाला ठावं. कुनाचं लेकरू दगावलं तर मी काय करू?'"

सरांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"वाफ्यातून उठून आलात त्या संध्याकाळी तुमच्या नखांत माती होती," इंदूताई म्हणाल्या. "मीच पाणी घातलं होतं हातांवर. मला वाटलं तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल. मीही गप्प बसले. मला माझीच लाज वाटते आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला खिळ्यावरून काढलं, पिशवीत न घालता तसंच हातात धरलं आणि खर्डा रोडने चालत निघाले. ओळखीचे लोक विचारत होते, "सर, खुरपं घेऊन कुठं?" ते उत्तर देत नव्हते. त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता.

भागूबाई खोलीपुढे चुलीपाशी बसली होती. शेजारच्या दोन बायका होत्या. चुलीत काहीतरी तडतडत होतं. बाजूला रिकाम्या चिंध्या पडल्या होत्या, आणि एक गाडगं पालथं होतं.

"काय जाळताय?" सरांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"बी," ती म्हणाली. "समदं. आता निवडायची नजर ऱ्हायली न्हाई तर ठिवून काय करू?"

सर तिथेच मातीत बसले. शेजारणी बघत होत्या. "भागूबाई, तुमच्या बियांत काही नव्हतं," ते म्हणाले. "वांगी उगवली होती. मी खुरपली. तुम्ही नको म्हणालात तरी खुरपली. धोतरा उकिरड्याच्या मातीतून आला. आणि त्या दिवशी काकासाहेब हसले, म्हणून मी खोटं बोललो."

 मग भागूबाईने लाकूड मागे ओढलं. आत उरलं नव्हतं काही.

"रोपं उपटली, त्येचं काय न्हाई," ती म्हणाली. "रोपं मरत्यात. मी पन उपटली आसतील पयल्यांदा. पर सर, आठ दिस! आठ दिस मी भाकरी थापताना पीठ दोनदा बघते, त्यात काय पडलं का म्हनून. जयाच्या पोरीला बघाया शेवगावला जायला भ्याले मी. तुमी माझा माझ्या डोळ्यावरला इस्वासच उठिवला."

"मी..."

"तुमी शिकलेलं मानूस. चार लोकांत तुमी म्हनलात, ते खरं झालं. मी म्हनले आसते तर कोनी ऐकलं आसतं का?"

 भागूबाईने सरांच्या हातातून मला काढून घेतलं. पात्यावर वाळलेली माती तिने नखाने खरवडली. "उद्यापासनं भांडी घासायला दुसरी बघा," ती म्हणाली, आणि मला घेऊन आत गेली.

पुढचं मला दाराच्या चौकटीवरून आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. त्याच दुपारी सर आरतीकडे गेले. मग गल्लीतल्या एकेका घरी. ग्रुपमध्ये त्यांनी घडलं तसं लिहिलं, आणि त्याखाली दिवसभर कुणी काही लिहिलं नाही. मग ते खर्ड्याकडच्या गावांत फिरू लागले. ऊसतोडीच्या टोळीत असताना भागूबाईने ज्या बायकांना त्या वांग्याचं बी दिलं होतं, त्यांना शोधत. प्रत्येक उंबऱ्यावर बायका विचारायच्या, "तुमाला कशाला पायजे?" आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्यांना तीच हकिगत पहिल्यापासून सांगावी लागायची. कुणी हळहळायचं, कुणी तोंडावर बोलायचं. एका म्हातारीने पाणीसुद्धा विचारलं नाही. सर म्हणे उन्हात उभे राहून तिचं सगळं ऐकून घेत होते.

ते बी कुठेच उरलं नव्हतं. राहीबाई नावाच्या बाईकडे तीन वर्षांपूर्वीपर्यंत होतं, मग विहीर आटली आणि गेलं. तिने तिच्याकडचं दुसरं दिलं, बिनरेघांचं, लांबट जांभळं.

सर ते घेऊन भागूबाईच्या दारात आले. आत आले नाहीत. "हे ते नाही," ते म्हणाले. "ते मिळालं नाही."

भागूबाई धान्य पाखडत होती. सूप थांबलं नाही. "मिळनार न्हवतंच," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्ये बी कुनीतरी जपलंच हाय की. लावा."

ती त्यांच्या घरी कामाला परत गेली नाही. दुसरं घर धरलं. पण श्रावणात एकदा, सरांचा वाफा उगवल्याचं आरतीकडून कळल्यावर, तिने मला चौकटीवरून काढलं. सरांच्या मागच्या दारी जाऊन ती वाफ्यापाशी बसली. सर समोर येऊन उकिडवे बसले. तिने एक रोप दाखवलं, मग गवताची एक काडी दाखवली, आणि मी ती काढली. सर एकेका पानाकडे बोट करून विचारत होते, "हे?" ती म्हणायची, "न्हाई." किंवा, "ऱ्हाऊ द्या आजून दोन दिस." चहा झाला तरी ती आत गेली नाही, पायरीवर बसून प्याली.

फळं धरल्यावर सरांनी सगळ्यात चांगली चार झाडावरच ठेवली. ती पिकून पिवळी पडली, सुरकुतली. सरांनी ती कुस्करली, बी धुतलं, सावलीत वाळवलं आणि एका स्वच्छ चिंधीत तिच्याकडे आणलं. तोवर भागूबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं.

तिने चिंधी सोडली. बी तळहातावर पसरलं, उजेडात नेलं, बोटाने फिरवून फिरवून बघितलं. सर दारात उभे होते. मी चौकटीवरून बघत होतो. मला वाटलं, ती आता मूठ मिटेल आणि म्हणेल, तुमीच सांगा सर, मला काय दिसतंय.

तिने एक बी उचलून दातात फोडलं.

"वांग्याचंच हाय," भागूबाई म्हणाली. आणि मग, पहिल्यापेक्षा मोठ्याने, "मला दिसतंय. वांग्याचंच हाय."

मित्रांनो, तुम्ही कधी तरी घरामागे भाजी लावाल. तुमच्या हातूनही एखादं चांगलं रोप उपटलं जाईल. माझ्यासारख्या खुरप्याला काम झाल्यावर धुऊन, पुसून ठेवा, म्हणजे गंज चढत नाही, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं हे की, चूक झाली तर त्याच दिवशी, भांडी घासणाऱ्या बाईने जरी विचारलं तरी, सांगून टाका. रेघांचं वांगं आता या भागात कुणाच्याच दारी नाही. ते माझ्या पात्याने गेलं. आणि सर त्या रविवारी "हो" म्हणाले असते, तर निदान घेवडा आणि दुधी तरी आज आरतीच्या मांडवावर असते.